डावी बाजू एक इंच वर

सोलापूर, ९ जानेवारी २०२५

अक्का,

वर आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं. मग तो कागद फाडला आणि हा घेतला. सख्खी मोठी बहीण असलीस तरी साडेतीन वर्षं जिच्याशी एक शब्द बोलले नाही, तिला एकदम तीर्थरूप करायचं म्हणजे मलाच हसू येईल. तू अक्का आहेस, तेवढं पुरे.

पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकतेय. तुझा फोन मला लागत नाही, तू काय करून ठेवलंयस ते तुला माहीत. अकलूजच्या घरी टाकलं असतं तर दाजींनी आधी फोडलं असतं. शाळेच्या ऑफिसात टपाल तूच घेतेस, म्हणजे हे तुझ्याच हातात पडणार. एकटी असशील तेव्हा वाच.

काम आहे म्हणून लिहितेय. आईची दवाखान्याची फाईल तुझ्याकडं आहे, ती हिरवी, दोरीनं बांधलेली. ती मला पाठवून दे. एसटीच्या पार्सलनं टाकलीस तरी चालेल, मी स्टँडवर जाऊन घेईन. पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी मागितली आहे.

आता तू घाबरली असशील. तर आधीच सांगते, मला आईसारखं काही झालेलं नाही. माझं ऑपरेशन मीच हौसेनं करून घेतलं. दिवाळीची ब्लाउजं देऊन झाली आणि लग्नसराईला अवकाश होता तेव्हा पुण्याला गेले आणि छाती मोठी करून घेतली. दोन्हीकडं इम्प्लांट बसवले. झालं, लिहिलं एकदाचं. नवरा म्हणून भारतला सांगावं लागलं, कारण सही त्याची हवी होती. दुकानात हुक-काजं करायला येतात त्या वच्छलामावशींना अर्धंमुर्धं माहीत आहे. आणि आता तुला. बाकी जुळे सोलापुरात मी पुण्याहून डिझायनर ब्लाउजचा कोर्स करून आले आहे. बायका येतात आणि म्हणतात, दिपाली, नवीन काय शिकलीस ते शिव. मी मोबाइलवर बघून एखादा गळा काढून देते.

'ह्या वयात?' असं तू चष्मा कपाळावर सरकवून म्हणते आहेस, मला इथं ऐकू येतंय. म्हण. अडतीस म्हणजे फार नाही. पण पुढचं वाच.

डावं वर राहिलंय. ब्लाउजला आम्ही एक माप घेतो, खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंत. कापडाची चूण, आमच्या भाषेत टक्स, बरोबर तिथं येऊन संपला पाहिजे. तो चुकला की कापड कितीही भारी असो, ब्लाउज दुसरीचं मागून आणल्यासारखं दिसतं. माझं उजवं पावणेदहा भरतं आणि डावं पावणेनऊ. एक इंच, अक्का. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजात पाव इंच चुकला तरी मी उसवून परत शिवते. इथं माझ्याच अंगात एक इंच चुकून बसलाय आणि तो मला उसवता येत नाही.

दिवसातून पाच-सहा वेळा टेप लावते. अंघोळ झाल्यावर, दुपारी शटर अर्धं ओढून, संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी. माप तेच येतं. मॅडमनी डावीकडं चुकवलंय, दुसरं काय असणार. त्याच हातांनी उजवं नीट बसवलं, मग डावं का नाही? दमले आहे मी. सध्या थंडी आहे तोवर शाल आहे. गड्ड्याच्या यात्रेत तर सगळ्याच शाली घेऊन फिरतात. पण मार्चमध्ये सोलापुरात शाल पांघरून बसले तर लोक तापाची गोळी आणून देतील.

फाईल पाठव. उत्तर लिहायचं नसेल तर नको लिहूस.

दिपाली

*

सोलापूर, २ फेब्रुवारी २०२५

अक्का,

फाईल मिळाली. शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिकांत गुंडाळलेली, सुतळी करकचून बांधलेली, वर पत्ता ठसठशीत अक्षरात. आत चिठ्ठी असेल म्हणून मी ती तीनदा झटकली. नव्हती. मीच म्हटलं होतं नको लिहूस. माझं इतकं कधीपासून ऐकायला लागलीस?

तू विचारलं नाहीस तरी सांगते, भारतसाठी नाही केलं. लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यानं कधी काही मागितलं नाही आणि खरं सांगायचं तर नीट बघितलंही नाही. होटगीहून रेल्वेची ड्यूटी करून येतो, जेवतो, क्रिकेट लावतो.

त्याच्या घरचे मला बघायला आले होते तो दिवस तुला आठवतो? आईनं मला आतल्या खोलीत नेलं आणि आबांचे दोन रुमाल घडी करून माझ्या ब्लाउजात कोंबले. म्हणाली, 'वाईच भरल्यावानी दिसू दे.' तू दारात उभी राहून हसलीस. पोहे देताना एक रुमाल खाली सरकला, तो मी कोपरानं दाबून धरला आणि पाव्हण्यांना वाटलं पोरगी लाजाळू आहे. त्या दिवसापासून पॅड घातल्याशिवाय मी घराबाहेर पडले नाही. रोज दुसऱ्या बायकांची मापं वहीत लिहायची आणि माझं पान कोरं. पॅडचं माप कुठं लिहिणार? एकदा माझं खरं माप त्या वहीत यावं असं वाटलं. यापेक्षा मोठं कारण मला शोधूनही सापडत नाही.

आता पान भरलंय. पण एका बाईच्या नावापुढं डाव्या-उजव्याची दोन वेगळी मापं, असं पान अख्ख्या वहीत दुसरं नाही.

परवा वच्छलामावशींनी हातातलं ब्लाउज खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघत म्हणाल्या, 'दिपाली, तुजी डावी बाजू वर चढलीया की. अस्तर वडतंय का?' मी म्हटलं, हो, अस्तरच ओढतंय. त्यांनी मान हलवली आणि सुईत दोरा ओवला. साठी उलटलेली बाई, आयुष्य हुक लावण्यात गेलं, त्यांना अस्तर कळत नाही होय? माझी अब्रू राखली त्यांनी.

मागच्या आठवड्यात पुण्याला जाऊन आले. एकटीच. मोहोळपर्यंत उभी होते, एक हात वरच्या दांडीला आणि एक छातीवर. मॅडमनी तपासलं, फोटो काढले. म्हणाल्या, सुरुवातीला दोन्ही वरच असतात, हळूहळू खाली बसतात. उजवं बसलंय, डावं अडलंय. मग विचारलं, 'दिलेली ब्रा आणि पट्टा सहा आठवडे सांगितल्याप्रमाणेच वापरला ना?' मी हो म्हटलं. 'मग असं का झालं ते कळत नाही,' म्हणाल्या.

त्यांना कळत नाही म्हटल्यावर मी चढलेच. म्हटलं, मॅडम, मी शिलाई करते. माझ्या हातून ब्लाउज बिघडलं तर मी गिऱ्हाइकाला कळत नाही म्हणून सांगत नाही, नवीन कापड आणून शिवून देते. बाहेरच्या बाकावरच्या बायका आत डोकावल्या. मॅडम सहा महिने तरी थांबू म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. शेवटी २४ एप्रिल तारीख दिली. परत उघडायचं, डावीकडचा कप्पा खाली मोकळा करायचा आणि इम्प्लांट खाली बसवायचा.

येताना बसमध्ये राग होता. घरी आल्यावर रडू आलं. कशाचं, ते या पत्रात नको.

दिपाली

*

सोलापूर, ९ मार्च २०२५

अक्का,

शाल सुटली. आता स्वतःला एक ब्लाउज शिवलंय. डाव्या बाजूचा टक्स मुद्दाम खाली उतरवलाय आणि आतून फोमचा तुकडा लावलाय, म्हणजे बाहेरून दोन्ही सारखं दिसतं. पॅड सुटावं म्हणून अंगावर सुरी चालवून घेतली आणि परत फोम कापत बसले. मावशी समोर नसत्या तर मशीनवर डोकं आपटलं असतं.

आता कामाचं. दवाखान्यात दाखल होताना जवळचं माणूस लागतं. सही करायला आणि दोन दिवस थांबायला. भारतला विचारलं तर तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, 'एकदा हौस झाली की. आता पुन्यांदा न्हाय. सायबाकडं रजा मागताना काय सांगू, बायकूचं काय झालंय म्हनून?' मी म्हटलं, काहीही सांग. तर म्हणाला, 'तू सांगतीस की कोर्स-बिर्स. मला न्हाय जमत.' वाईट नाही गं तो. पहिल्या वेळी गोळ्या वेळेवर द्यायचा, उठताना पाठीला हात द्यायचा. त्याला लाज वाटते आणि ती त्याला लपवता येत नाही. मला लपवता येते, एवढाच आमच्यात फरक.

मावशी येतील, पण त्या नात्यातल्या नाहीत. रक्ताचं माणूस माझं तू एकच उरलीस. म्हणून तुला विचारतेय, येशील का?

पण हे विचारते आणि राग गिळून बसते, असं मला जमत नाही. तो आहे तो आहे. आईचे शेवटचे आठ महिने तुझ्या घरी गेले, तिचं सगळं तू केलंस, ते मी कुठंही नाकारत नाही. पण मी काहीच केलं नाही असंही नाही. तिची डावी बाजू काढली तेव्हा ती जन्मभराची गाठीची चोळी घालून बसायची आणि डावीकडून पदर सारखा ओढत राहायची. मी तिला पहिलं हुकाचं ब्लाउज शिवलं. रिकाम्या बाजूला तिच्याच जुन्या खणाच्या चोळीची पिशवी केली. कापूस भरून बघितला, तो हलका, वर चढायचा. मग तुझी ऋतुजा तान्ही असताना डोक्याला आकार यावा म्हणून केलेली मोहरीची उशी होती ना, ती उसवून त्यातली मोहरी भरली. काट्यावर तोलून, दुसऱ्या बाजूला बरोबर बसेल एवढी. आई आरशात बघून म्हणाली, 'झ्याक झालं की गं.' आयुष्यात मी हजार ब्लाउजं शिवली असतील, अशी शाबासकी मला कुणी दिली नाही.

आणि ती गेली त्या दिवशी मी अकलूजला पोचले तेव्हा बायका तिला अंघोळ घालत होत्या. मी नवीन ब्लाउज घेऊन आले होते, पिशवीसकट. मी ते तिला घातलं, एक-एक हुक लावला. तू आतून आलीस, हुक काढलेस आणि सगळ्या बायकांसमोर ती पिशवी ओढून बाहेर काढलीस. 'बास झालं आता, दिपे,' एवढंच म्हणालीस. आईची सपाट बाजू सगळ्या आळीनं बघितली. मी दहाव्यालाही थांबले नाही.

का केलंस ते मी कधी विचारलं नाही. आता विचारते. त्याच पत्रात ये म्हणूनही सांगते. दोन्ही एकदम बरं दिसत नाही, पण दोन पत्रं लिहायचं त्राण माझ्यात नाही.

दिपाली

*

सोलापूर, २७ मार्च २०२५

अक्का,

पाकीट मिळालं. दुकानातच उघडलं. आधी पिशवी हातात आली. खणाचं कापड विटलंय, पण कडेचे टाके माझेच, लगेच ओळखू आले. मी पत्र न वाचताच खुर्चीत बसले. तू ती तेव्हाच उकिरड्यावर टाकली असशील असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

मग पत्र वाचलं. ऑफिसात लिहितेस तसंच, एक शब्द जास्त नाही. तुझंच तुला परत लिहून दाखवते, कारण माझ्या हातानं एकदा लिहिल्याशिवाय मला ते खरं वाटणार नाही.

'तू येणार असलीस की आई सकाळपासून ते घालून बसायची. तुझी गाडी गेली की म्हणायची, काढ गं वैजे, रुततंय. व्रणावर मोहरीचे दाणे उठलेले असायचे. मी तिथं खोबरेल लावायची. दिपीला सांगते म्हटलं तर म्हणाली, सांगू नगं, तिनं लई जीव लावून शिवलंय, तिला बरं वाटतंय तर घालती मी. जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, जाताना तेवढं काढ, तिकडं कुणाला दावायचंय? म्हणून काढलं. त्या दिवशी तुला सांगितलं असतं तर तू तिथंच कोसळली असतीस. मग तू रागावून गेलीस आणि सांगायची वेळ निघून गेली. २४ एप्रिलची रजा टाकली आहे. गाडी कितीची ते कळव.'

अक्का, 'झ्याक झालं की गं' म्हणाली होती ती. मी तेवढंच ऐकलं. रुततंय का, हे मी एकदाही विचारलं नाही. गिऱ्हाइकाला विचारते. काखेत काचतंय का, गळ्यात दाटतंय का, हात वर करून बघा, खाली वाकून बघा. दर बाईला विचारते. आईला विचारलं नाही. फिटिंग सुंदर बसलं होतं, मग विचारायचं काय? मला माझी लाज वाटते. तुला साडेतीन वर्षं दोष दिला त्याचीही वाटते, पण ती दुसरी.

आता माझं ऐक. मी तुला दोन गोष्टी खोट्या लिहिल्या.

डॉक्टर मॅडमनी आईची फाईल मागितलीच नव्हती. पहिल्या ऑपरेशनच्या फॉर्मवर घरात कुणाला छातीचा कॅन्सर होता का, असा प्रश्न होता. त्यापुढं मी 'नाही' लिहिलं. 'हो' लिहिलं असतं तर त्यांनी आणखी तपासण्या सांगितल्या असत्या, कदाचित ऑपरेशन नकोच म्हणाल्या असत्या. आईला त्या फॉर्ममधून काढायला मला कुणीच सांगितलं नव्हतं, ते मीच केलं. फाईल हे तुला पत्र लिहायचं निमित्त होतं. आणि ती घरात असली तर कधीतरी खरं बोलायचं धाडस होईल, असंही वाटलं. ती कपाटावर आहे. धाडस झालेलं नाही.

दुसरं याहून वाईट आहे. मॅडमनी एक ब्रा दिली होती आणि एक रुंद पट्टा. पट्टा छातीच्या वरच्या बाजूनं बांधायचा, म्हणजे इम्प्लांट दाबला जाऊन खाली बसतो. सहा आठवडे, काही बदल करायचा नाही. बारा दिवसांनी मी दुकानात आले. पट्टा ब्लाउजातून फुगलेला दिसायचा, म्हणून काढून ठेवला. राहिली ती ब्रा. तिची शिलाई बघितली असतीस तर तुझंही डोकं उठलं असतं. खालची पट्टी ढिली, टाके लांब लांब, एक शिवण काखेत आलेली. मी टेप लावला. तेव्हा डावं उजव्यापेक्षा पाव इंच खाली होतं. मला वाटलं, हे बिघडत चाललंय. मग ती ब्रा मी उसवली. खालची पट्टी एक इंच आत घेतली आणि डाव्या बाजूला खालून बक्रम घातलं, शर्टाच्या कॉलरला घालतात ते कडक कापड, म्हणजे वर उचलून धरेल. मशीनवर दहा मिनिटांचं काम. मावशी म्हणाल्या, 'ह्ये डाक्टरनं सांगितलंय का तुज्याच मनचं?' मी म्हटलं, तुम्ही हुक लावा.

इतकं छान बसलं ते, अक्का. आरशासमोर वळून वळून बघितलं. पुढचे पाच आठवडे अंघोळीपुरती काढायची.

डावं खाली चाललं होतं ते बरोबर चाललं होतं. उजवं मागं होतं, ते नंतर आपलं आपण उतरलं. डावं मी वर धरून ठेवलं आणि ते तिथंच भरून आलं. मॅडमचा हात चुकला नाही, माझा चुकला. त्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हाच मला कळलं होतं. म्हणून घरी येऊन रडले.

सांगायला पाहिजे. न सांगता परत उघडून घेतलं तर त्या परत तशीच ब्रा देतील आणि मी परत उसवेन. माझ्या हातांचा मला भरवसा नाही. पण त्यांच्यावर बाहेरच्या बायका ऐकतील एवढं ओरडून आले आहे. आता कुठल्या तोंडानं जाऊ?

दिपाली

*

सोलापूर, १३ एप्रिल २०२५

अक्का,

सांगितलं. फोनवर नाही, जाऊन. एका पिशवीत ती ब्रा आणि आईची फाईल घेतली आणि सकाळच्या गाडीत बसले. आत गेल्यावर ब्रा टेबलावर ठेवली आणि म्हटलं, मॅडम, ही मी उसवून शिवली होती आणि पट्टा बांधलाच नव्हता. त्यांनी ती उलटी केली, बक्रम बोटानं दाबून बघितलं. म्हणाल्या, 'शिलाई छान आहे हो.' मी मागच्या वेळी नवीन कापडाचं बोलले होते त्याची माफी मागितली. त्या म्हणाल्या, 'इथं नवीन कापड मिळत नाही, तेवढं लक्षात ठेवा.'

ओरडल्या त्या नंतर, फाईल बघितल्यावर. असं लपवतात का, म्हणाल्या. त्याच दिवशी सगळ्या तपासण्या करायला लावल्या. रिपोर्ट येईपर्यंत बाकावर बसले होते, आणि अक्का, त्या तीन तासांत मी एकदाही डावं वर आहे की खाली ते बघितलं नाही. पहिल्यांदा मला ती नुसती माझी छाती वाटली. खूप घाबरले होते. रिपोर्ट नीट आहे. आता दर वर्षी दाखवायचं. तूही दाखवायचं, हे त्यांनी बजावून सांगितलंय. चष्मा कपाळावर सरकवू नकोस, तारीख मी तुझ्यासाठीही घेणार आहे.

ऑपरेशन पुढं गेलं. म्हणाल्या, तीन महिने वरून पट्टा बांधा, दाखवते तसं रोज हातानं खाली दाबा. थोडं उतरेल, सगळं उतरेल असं सांगत नाही. जुलैत बघू, लागलं तर उघडू. टेप आठवड्यातून एकदाच लावायचा, तोही रविवारी. आज रविवार आहे. पावणेनऊच आहे. मी वहीत लिहिलं आणि वही मिटली.

तुझी २४ तारखेची रजा मागं घेऊ नकोस. पुण्याला जायचं नाही, सोलापूरला ये. भारतला सांगितलंय तू येणार म्हणून. 'येऊ दे की,' म्हणाला, आणि टीव्हीचा आवाज कमी केला. तुझं ब्लाउज खांद्यात कितीही उतरलेलं असू दे, मी हात लावणार नाही. तू म्हणालीस तरच टेप घेईन, आणि कुठं काचतंय ते तू सांगायचं.

एक राहिलं. मॅडम म्हणाल्या होत्या, दुपारी पडायला मिळालं तर पट्ट्याखाली, डावीकडं वरच्या अंगाला, काहीतरी जरा जड ठेवा. मी आईच्या पिशवीचं सांगितलं आणि चालेल का विचारलं. आता विचारल्याशिवाय काही करत नाही. 'चालेल, तासभर,' म्हणाल्या. पिशवीची शिवण मी बदललेली नाही. मोहरी कमी-जास्त केलेली नाही. तू पाठवलीस तशीच आहे.

आज जेवण झाल्यावर शटर ओढलं, मावशींना घरी पाठवलं आणि कापायच्या टेबलावर चादर घालून आडवी झाले. पट्टा बांधला, खाली पिशवी सरकवली. दहाच मिनिटं झाली असतील, काढून टाकावीशी वाटली. काढली नाही. तासभर तशीच पडून राहिले.

रुतते गं, अक्का. लई रुतते.

दिपाली